अंगावरचे दूध आणि पाठचे भावंड

सांगलीहून एका भगिनीने पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे: "माझे वय ३५. मी शिक्षिका आहे. मुलगा १७ महिन्यांचा असून बाळंतपण सिझेरियनने झाले. दिवसा तो सासूबाईंजवळ असतो आणि घरातले सगळे खातो. पण संध्याकाळी मी शाळेतून आले की आधी त्याला अंगावर घ्यावे लागते, झोपताना घ्यावे लागते आणि रात्रीतून तीन-चार वेळा तो उठून पितो. तो १४ महिन्यांचा असताना माझी पाळी पुन्हा सुरू झाली. पुढची ४१ दिवसांनी आली आणि त्यानंतरची ३६ दिवसांनी. आम्हाला दुसरे मूल हवे आहे. तीन महिने प्रयत्न केल्यावर आम्ही एका डॉक्टरांना भेटलो. दूध तोडल्याशिवाय दिवस राहणार नाहीत असे सांगून त्यांनी दूध आटवण्याची गोळी दिली आणि पुढच्या पाळीपासून घेण्यासाठी बीज वाढवण्याच्या गोळ्याही लिहून दिल्या. मी अजून काहीच घेतलेले नाही. सासूबाई म्हणतात, दिवस राहिल्यावर पाजत राहिलीस तर मुलगा खंगेल. दुसऱ्यासाठी पहिल्याच्या तोंडचे काढून घ्यायचे का, या विचाराने मला झोप लागत नाही."

सप्रेम नमस्कार.

त्या गोळ्या तुम्ही अजून घेतल्या नाहीत, हे फार बरे झाले. तुमच्या पाळीच्या तारखा मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि त्यांवरून तुमचे शरीर आपल्या वाटेला लागले आहे, असेच मला दिसते. अंगावर पिणारे मूल आणि पोटी येऊ पाहणारे मूल यांतून एकाला निवडण्याची वेळ तुमच्यावर आलेली नाही. आज दूध पूर्ण तोडण्याची गरज नाही. मात्र काहीच न बदलता नुसती वाट पाहत राहणे तुमच्या वयाचा विचार करता मला योग्य वाटत नाही. रात्रीचे पाजणे हळूहळू कमी करावे आणि बाकीचे चालू ठेवावे, असा माझा सल्ला आहे. त्यामागचे कारण सविस्तर सांगते, कारण कारण समजले की घरात चार लोकांचे चार सल्ले ऐकतानाही मन डळमळत नाही.

बाळ अंगावर ओढू लागले की स्तनाग्रातील मज्जातंतूंमार्फत त्याची वर्दी मेंदूपर्यंत जाते. मग पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते आणि दूध तयार होत राहते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, जिची चर्चा फारशी होत नाही. बीजकोशात बीज पिकावे यासाठी मेंदूकडून ठरावीक लयीत सतत निरोप जात असतात; बाळाच्या ओढण्याने ही लय मंदावते. निरोप क्षीण झाले की बीज पूर्ण पिकत नाही, ते बाहेर पडत नाही आणि पाळीही येत नाही. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी याच्याच आधारे असे मांडले की बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे आईच्याच दुधावर असेल आणि आईची पाळी परतलेली नसेल, तर दिवस न राहण्याची खात्री सुमारे ९८ टक्के असते. यातली एक अट जरी सुटली तरी हा भरवसा धरता येत नाही. तुमच्या बाबतीत तिन्ही अटी केव्हाच सुटल्या आहेत, त्यामुळे "अंगावर पाजत आहेस, तोवर दिवस राहणारच नाहीत" हे विधान तुम्हाला लागू पडत नाही. बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याआधीच बीज बाहेर पडू शकते आणि म्हणूनच पाळीचे तोंडही न पाहता पुन्हा दिवस राहिलेल्या बायका आपल्याकडे घरोघरी सापडतात.

आता रात्रीचा मुद्दा. पाळीवर परिणाम होतो तो मूल एकंदर किती दूध पिते यापेक्षा ते किती वेळा आणि किती थोड्या अंतराने ओढते, याचा. आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. तेथील आया मुलाला दिवसभर, तासातून अनेकदा, दोन-दोन मिनिटे अंगावर घेत आणि रात्रीही मूल कुशीतच पीत असे. कोणतेही संततिनियमन न करता त्यांच्या दोन मुलांमध्ये सरासरी ४४ महिन्यांचे अंतर पडत असे. प्रत्येक वेळचे पिणे थोडे होते, पण दोन पिण्यांमध्ये शरीराला उसंत मिळत नव्हती. तुमचा मुलगा दिवसभर शाळेच्या वेळात अंगावर पीत नाही, तेव्हा तुमच्या शरीराला ही उसंत दिवसा मिळते. रात्री मात्र तो ती हिरावून घेतो, आणि नेमके रात्रीच्या पाजण्याने प्रोलॅक्टिन अधिक वाढते. त्यामुळे संध्याकाळचे आणि झोपतानाचे पाजणे तसेच ठेवून मधल्या तीन-चार वेळा कमी केल्या, तर मुलाचे फारसे काही न हिरावता तुम्हाला हवा तो परिणाम मिळण्याची चांगली शक्यता आहे. इतक्या तासांची विश्रांती मिळाली की बीज पिकतेच, असा नेमका आकडा कोणालाही सांगता येणार नाही, कारण प्रत्येक स्त्रीचे शरीर वेगळे असते. काहींची पाळी तिसऱ्या महिन्यातच परतते, तर काहींची मूल पूर्ण सुटेपर्यंत येत नाही.

तुमची पाळी ४१ वरून ३६ दिवसांवर आली आहे, हे चांगले लक्षण आहे. मात्र येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. पाळी परतल्यानंतरच्या सुरुवातीच्या काही चक्रांत कधी बीज बाहेर पडतच नाही, तर कधी ते पडूनही पाळीचा उत्तरार्ध तोकडा राहतो. एरवी बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंत बारा ते चौदा दिवस जातात. ते अंतर दहा दिवसांहूनही कमी असेल, तर गर्भाला गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला पुरेसा अवधी मिळत नाही. पाजणे कमी होत गेले की बहुतेकींच्या बाबतीत हा उत्तरार्ध आपोआप सुधारतो. दुसरी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. चौदावा दिवस धरून प्रयत्न करण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. ३६ दिवसांच्या पाळीत बीज साधारण बाविसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते. तुम्ही तीन महिने चौदाव्या दिवसाचा हिशेब धरला असेल, तर ते तीन महिने वाया गेले असे समजून खंत करू नका, आणि अपयश म्हणून तर मुळीच मोजू नका. योनीतून येणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि बोटांत ताणला जाणारा झाला की ते दिवस जवळ आले, असे ओळखावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, लघवीवरून बीज सुटण्याची वेळ सांगणाऱ्या पट्ट्या अंगावर पाजत असतानाही उपयोगी पडतात. सकाळी उठल्याबरोबर अंगाचे तापमान मोजण्याची पद्धत मात्र तुमच्या कामाची नाही, कारण रात्री चार वेळा उठणाऱ्या आईच्या तापमानावरून काहीच निष्कर्ष निघत नाही. पाळी लांबली तर गर्भचाचणीची पट्टी निःशंकपणे वापरा. अंगावर पाजल्याने तिच्या निकालात फरक पडत नाही.

रात्रीचे पाजणे कमी करायचे ते एका रात्रीत नव्हे. स्तनाग्रावर कडुनिंबाचा पाला वाटून लावणे, कोरफडीचा गर किंवा मिरचीचे बोट लावणे, आईने चार दिवस माहेरी निघून जाणे, हे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि मला ते मनापासून नापसंत आहेत. जेथे मूल सर्वांत निर्धास्त असते, तीच जागा एका रात्रीत कडू आणि तिखट का झाली, हे त्याला कळत नाही. आणि आईच्या छातीत दूध साठून गाठी होतात, ताप येतो, कधी गळूही होते. त्याऐवजी दर पाच-सहा दिवसांनी रात्रीची एक वेळ कमी करावी. आधी सर्वांत थोडे पिणे जिथे होते ती वेळ निवडावी. त्या वेळी तो उठला की तुमच्या यजमानांनी त्याला घ्यावे, पाणी पाजावे, थोपटावे. पहिल्या दोन-तीन रात्री रडारड होईल, पण वडील जवळ असताना रडणारे मूल एकटे नसते. रात्रीच्या जेवणात मऊ खिचडी, वरणभात, दहीभात आणि त्यावर तुपाची धार असे पोटभरीचे असेल, तर पहाटेपर्यंत भुकेने उठण्याचे कारण उरत नाही. छाती फारच जड झाली तर ठणका थांबण्यापुरतेच दूध हाताने काढावे, पूर्ण रिकामे करू नये. दात येत असतील किंवा ताप असेल, तर त्या आठवड्यात हे सारे बाजूला ठेवून त्याला खुशाल पाजावे.

ज्या गोळ्या तुम्हाला लिहून दिल्या आहेत, त्यांविषयी स्पष्टच लिहिते. दूध आटवण्याची गोळी बहुधा कॅबरगोलिन असावी. ती प्रोलॅक्टिन एकदम खाली आणते, तिने चक्कर येऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो. आणि १७ महिन्यांच्या मुलाचे दूध सावकाश कमी करता येत असताना तिची गरज मला दिसत नाही. पाजणाऱ्या आईचे प्रोलॅक्टिन तपासले तर ते वाढलेलेच येणार, म्हणून त्या एका आकड्यावरून आजार ठरवू नये. बीज वाढवण्याच्या गोळ्यांपैकी क्लोमिफिनने दूध कमी होते आणि लेट्रोझोल घेत असताना अंगावर पाजू नये, असे सांगितले जाते. म्हणजे या गोळ्यांची खरोखर गरज पडली, तर दूध सोडवण्याचा डॉक्टरांचा आग्रह रास्त ठरेल. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या स्त्रीची पाळी आपणहून परतली आहे आणि महिन्यागणिक सुधारते आहे, तिच्या बाबतीत ती वेळ अजून आलेली नाही. हे डॉक्टरांना विचारण्यात कोणताही अनादर नाही. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेण्याचाही तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

वाट किती पाहायची, हेही ठरवायला हवे. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्याआधी किमान २४ महिन्यांचे अंतर सुचवते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांच्या आत दिवस राहू देऊ नयेत असे बजावते आणि १८ महिन्यांहून कमी अंतराचे धोके समजावून सांगावेत असे म्हणते. तुमचा मुलगा १७ महिन्यांचा आहे. आता दिवस राहिले तरी दोन बाळंतपणांत सव्वादोन वर्षांच्या आसपास अंतर पडेल, आणि सिझेरियनचा व्रण भरून येण्याच्या दृष्टीने ते स्वीकारण्याजोगे आहे. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद मात्र नव्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा. दुसरीकडे, पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि गुणवत्ता वेगाने घटू लागते, म्हणून या वयात सहा महिने नीट प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी, असा संकेत आहे. या सगळ्याचा मेळ घालून मी तुम्हाला असे सुचवते की मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ स्वतःला द्या. रात्रीचे पाजणे कमी करून तोवर प्रयत्न करा. तेव्हाही यश आले नाही, तर उरलेले दूध सावकाश सोडवून पुढच्या उपचारांकडे वळा. तोवर त्याला दोन वर्षे आईचे दूध मिळालेले असेल, आणि तितके दिवस ते मिळावे असेच जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे आहे.

काही तपासण्या मात्र दुसऱ्या वाढदिवसासाठी थांबवू नका, याच महिन्यात करून घ्या. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि थायरॉईड या तीन तर हव्यातच. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येते, तिचे काम मंदावते आणि पाळी लांबते. दोष मात्र बिचाऱ्या दुधाला दिला जातो. रुबेला म्हणजे जर्मन गोवराची लस पूर्वी घेतली नसेल, तर ती पाजत असतानाही घेता येते, पण तिच्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. यजमानांची वीर्यतपासणीही करून घ्या. ती स्वस्त, साधी आणि वेदनारहित असते. आपल्या समाजात ती सर्वांत शेवटी होते आणि तोवर बाईच्या अंगावर डझनभर तपासण्या होऊन गेलेल्या असतात, हे मला दरवेळी खटकते. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासूनच रोज सुरू करा, कारण गर्भाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच, म्हणजे दिवस राहिल्याचे कळते न कळते तोच, मिटत असते.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळते. ते हसण्यावारी नेऊ नका, कारण त्यामागे मोठी परंपरा आणि एक खरे निरीक्षणही आहे. गर्भिणी आईचे दूध पिणाऱ्या बालकाला होणारा 'पारिगर्भिक' नावाचा विकार आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत वर्णिलेला आहे: मूल रोडावते, त्याची अन्नावरची वासना जाते, पचन मंदावते, पोट मोठे दिसते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर गेल्या शतकातल्या तिसाच्या दशकात आफ्रिकेतील तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करीत होत्या. तेथे त्यांनी अशाच मुलांचे वर्णन केले आणि तिथल्या लोकभाषेतला 'क्वाशिओरकोर' हा शब्द वैद्यकात आणला. पाठचे भावंड आल्याने आईपासून दुरावलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय आहे. दोन दूरच्या देशांतल्या लोकांनी एकच गोष्ट पाहिली होती. मूल खंगत होते हे खरेच होते, पण ते दूध विषारी झाल्यामुळे नव्हे. आईला दिवस गेले की दूध कमी होई किंवा एकदम तोडले जाई, आणि त्याच्या जागी मुलाच्या ताटात डाळ, दूध, अंडी यांऐवजी नुसती पातळ पेज किंवा कण्यांची लापशी येई. तेव्हा सासूबाईंना असे सांगा की त्यांची काळजी बरोबर आहे आणि तिच्यावरचा उपाय त्यांच्याच हातात आहे: दिवसा नातवाच्या पोटात वरण, उसळ, अंडे, दही, शेंगदाण्याचे कूट नीट जात राहिले, तर तो खंगणार नाही. मला वाटते, हे काम सोपवल्यावर त्या तुमच्या विरोधात न राहता तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

दिवस राहिल्यानंतर पाजत राहावे का, या प्रश्नाचे उत्तर असे की गर्भारपण निरोगी असेल आणि आई पोटभर जेवत असेल, तर पाजायला हरकत नसते. ओढण्याने ऑक्सिटोसिन स्रवते आणि गर्भाशय किंचित आकसते हे खरे. परंतु गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशय या संप्रेरकाला फारशी दाद देत नाही. रक्तस्राव होत असेल, पोटात वारंवार कळा येत असतील, जुळे असेल, गर्भाशयाचे तोंड सैल असल्याचे सांगितले असेल किंवा पूर्वी दिवस भरण्याआधी बाळंतपण झाले असेल, तर मात्र पाजणे थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्तनाग्रे दुखरी होतील. काही स्त्रियांना पाजताना आतून एक चीड दाटून येते आणि मग त्या स्वतःलाच दूषण देतात. ती चीड संप्रेरकांतील बदलामुळे येते, ममता आटल्यामुळे नव्हे. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध घटते, चव बदलते आणि पुढे चीक येऊ लागतो. पुष्कळ मुले याच काळात आपणहून अंगावरचे सोडतात. लोह, कॅल्शियम आणि आहार याकडे तुम्हाला दुप्पट लक्ष द्यावे लागेल. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नको. आपल्या देशात प्रजननवयातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. ज्या बाईचे हिमोग्लोबिन मुळात नऊ आहे, तिने पोटातले आणि अंगावरचे अशी दोन्ही मुले आपल्या रक्तावर पोसू नयेत, असे मी ठामपणे म्हणेन. म्हणूनच ती तपासणी आधी करायला सांगितली.

पहिल्याच्या तोंडचे काढून घेते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ते वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबले. सतरा महिने, नोकरी सांभाळून, रात्रीची झोप मोडून तुम्ही त्याला पाजले आहे, आणि माझ्या सल्ल्याप्रमाणे संध्याकाळचे आणि झोपतानाचे पाजणे चालूच राहणार आहे. शाळेतून आल्यावर तो ज्या ओढीने तुमच्याकडे धावतो, त्या क्षणाला तुम्हाला हात लावायचा नाही.

आणि तोवर त्याने सोडले नाही, धाकटे घरी आले आणि हा तेव्हाही अंगावर मागू लागला, तरी घाबरू नका. दोघांना पाजता येते. तेव्हा मात्र पहिले काही दिवस चीक आधी तान्ह्याला, आणि त्याचे पोट भरल्यावर थोरल्याला, हा क्रम कटाक्षाने पाळा. तूर्तास घरातल्या दिनदर्शिकेवर, जिथे दुधाचे आणि गॅसचे हिशेब लिहिता, तेथेच पुढच्या पाळीची तारीख आणि रात्री मूल किती वेळा उठले तो आकडा लिहायला सुरुवात करा. तीन महिन्यांनी ती पाने घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर तुम्हाला आणि त्यांना, दोघांनाही ठरवणे पुष्कळ सोपे जाईल.